तोरणाखालचा गोल

आमच्या शाळेत फुटबॉल आला तो पलटण गेल्यावर. ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच घडलं. अंबाजोगाईला, म्हणजे सरकारी दप्तरातल्या मोमिनाबादला, घोडदळाची छावणी होती तोवर साहेब लोक आणि त्यांचे सवार काय काय खेळायचे ते आम्ही पोरं कुंपणाबाहेरून बघायचो. जवळ गेलं की संत्री हाकलायचा. पुढे पलटण हलली, घोडे गेले, बंगल्यांना कुलपं लागली आणि परेडचं एवढं थोरलं मैदान शेळ्यांना चरायला मोकळं झालं. पलटणीतला एक दफेदार मात्र गेला नाही. तो मागे राहिला आणि आमचा ड्रिल मास्तर झाला.

मास्तर मागे राहिले ते आईसाठी. आई आंधळी होती. छावणीच्या लाइनीतल्या दोन खोल्यांत तिची इतकी वर्षं गेली होती की चुलीपासून रांजणापर्यंत ती कशालाही न धडकता जायची, पाहुण्याला पाणीसुद्धा स्वतः द्यायची. त्या दोन खोल्यांबाहेर मात्र तिला एक पाऊल टाकता यायचं नाही. एकदा कुठल्याशा लग्नाला तिला नेलं, तर ती रात्रभर भिंत शोधत राहिली. तेव्हापासून मास्तरांनी ठरवलं की आईला हलवायचं नाही. शाळेत कवायत शिकवायला माणूस हवा होता, त्यांना ठेवून घेतलं. नोकरी तेवढीच. फुटबॉल त्यांनी आपणहून आणला.

बॉल कातड्याचा. त्यावरून आमच्या गल्लीत बराच गहजब झाला. डोक्यानं बॉल मारायचा म्हणजे शेंडीला कातडं लागायचं. आमच्या घरी आजोबांनी तोडगा काढला: खेळून आल्यावर विहिरीवर अंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. माझ्या आईला हे फार आवडलं. एरवी मला अंघोळीला घालायचं म्हणजे तिला घरभर माझ्यामागे धावावं लागे.

मास्तर शिकवायचे ते पलटणीच्या पद्धतीनं. आधी रांग, मग धावणं, मग बॉल. मैदानावर चुन्याची रेघ ते स्वतः ओढायचे आणि त्या रेघेवर कुणी खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही. बॉल बाहेर गेलेला असताना एकदा मी ‘आत होता’ म्हणालो. त्यांनी मला कान धरून रेघेपाशी नेलं, बॉलचा चिखलात उमटलेला ठसा दाखवला आणि घरी पाठवून दिलं. आठवडाभर खेळात घेतलं नाही. त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. रागीट स्वभाव मला वडिलांकडून आलेला, दुसरी कुठली इस्टेट आली नाही.

त्याच सुमारास तालीम खात्यानं, म्हणजे शिक्षण खात्यानं, शाळाशाळांचे सामने सुरू केले. त्यासाठी शाळांचे गट पाडले. आमचा जिल्हा बीड, बीडचा सुभा औरंगाबाद, म्हणून आम्ही औरंगाबादच्या गटात. कागदावर हे फार शोभून दिसायचं. प्रत्यक्षात औरंगाबादला जायचं म्हणजे आधी बैलगाडीनं परभणी गाठायची, तिथे आगगाडीची वाट बघत फलाटावर झोपायचं आणि सगळी हाडं खिळखिळी झाल्यावर मैदानात उतरायचं. पहिल्या वर्षी आम्ही गेलो. किती गोल खाल्ले ते विचारू नका, मास्तरांनीही मोजायचं सोडून दिलं होतं. येताना गाडीत आम्ही माना खाली घालून बसलो. शेवटी मास्तरच म्हणाले, “रेल में बैठे ना बच्चे? वो तो देख लिये.”

दुसऱ्या वर्षी खात्यानं गट नव्यानं पाडायला काढले. आगगाडीच्या रस्त्यावरच्या शाळा तेवढ्या औरंगाबादच्या गटात राहतील, बाकीच्यांनी जवळचा गट शोधावा, असा हुकूम आला. आम्हाला जवळचं म्हणजे लातूर. पण लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, सुभा गुलबर्गा. झालं, गावात दोन तट पडले. फुटबॉल कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं तेही तावातावानं बोलू लागले. एक वकील होते, ते म्हणायचे, आपण औरंगाबादचे, उद्या लातूरच्या पंगतीला बसलो तर मान काय राहिला? आडतवाले म्हणायचे, मान घेऊन काय करता, आपला माल लातूरला जातो, पोरंही जाऊ द्या. मला तर हे एखाद्या लग्नाच्या बैठकीसारखं वाटायचं. मुलगी एक, स्थळं दोन. त्यातल्या एकानं नकार कळवलेला आणि दुसरं अजून पत्रिका मागतंय.

कारण लातूरवाले काही आमच्यासाठी झुरत नव्हते. औरंगाबादला आमची काय शोभा झाली ते त्यांच्या कानावर गेलं होतं. असली दुबळी टीम आमच्या गटात कशाला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग खात्याचे मुहतमीम साहेब, म्हणजे आमच्या शाळा तपासणारे मोठे अधिकारी, मध्ये पडले. त्यांनी तोड काढली: लातूरची टीम घेऊन मी मोमिनाबादला येतो, एक मॅच होऊ द्या. मोमिनाबाद जिंकलं तर लातूरनं त्यांना गटात घ्यायचं. आमच्या हेडमास्तरांनी विचारलं, “आणि बरोबरी झाली तर?” साहेब म्हणाले, बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे.

न जिंकलो तर काय, हे हेडमास्तरांनी आम्हाला वर्गात येऊन सांगितलं. गट नाही तर सामने नाहीत, सामने नाहीत तर फुटबॉल नाही, आणि नुसत्या कवायतीसाठी वेगळा मास्तर ठेवायला खातं तयार नाही. कवायत उर्दूचे मौलवी साहेब घेतील. माणूस वाईट नव्हता, सांगताना त्यांचाही आवाज पडला होता. मास्तरांचा मेहुणा हैदराबादला होता, नोकरी गेली तर आईला घेऊन त्याच्या दारी जाण्यावाचून त्यांना गती नव्हती. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मास्तरांनी सराव थोडा वाढवला, इतकंच.

मॅचची तारीख ठरली महर महिन्यातली. हैदराबादचे सरकारी महिने असे, आजर, दै, बहमन. आमच्या घरी त्यांतला एकही कुणाला सांगता आला नसता. तारीख फळ्यावर लिहिली गेली तेव्हा बोटांवर दिवस मोजून आमचा सेंटर फॉरवर्ड उठून उभा राहिला. तो मांजरेकाठच्या एका गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला अंबाजोगाईत मावशीकडे राहायचा. गोल करायचा तो त्यानंच, आम्ही बाकीचे त्याच्याकडे बॉल पोचवायचं काम करायचो.

“साहेब, त्या दिशी पोळा हाय,” तो म्हणाला.

हेडमास्तर हैदराबाद शहरातले. त्यांनी सुट्ट्यांची यादी काढून बघितली. पोळा यादीत नव्हता. लातूरला पत्रही गेलं होतं. ते म्हणाले, “बैठ जाओ.”

तो बसला, पण संध्याकाळी मला म्हणाला की मी मॅचला नाही, गावी चाललो. माझं डोकं फिरलं.

“बैल मोठे का मॅच?” मी विचारलं.

“तुला न्हाई कळायचं बे,” तो म्हणाला. “गेल्या साली लाठ्या निघाल्यात्या आमच्याकडं.”

मग त्यानं सांगितलं. त्याचा बाप आणि गावचा पाटील भाऊबंद. पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जाणार, यावरून दोन घरांत वैर. माणसं कितीही येवोत-जावोत, त्याला कुणी विचारत नाही. जनावर म्हणून पहिलं पाऊल मानाच्या बैलाचं. गेल्या साली त्याच्या बापानं आपली जोडी मध्येच घुसवली आणि डोकी फुटली. तहसीलदारानं बापाकडून मुचलका लिहून घेतला: मान पाटलाचा, आणि पुन्हा या घरानं तो मोडला तर बाप हवालातीत.

“अन् बाप लई तापट हाय. मी त्याच्या शेजारी उभा पायजे. दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाई त्यो.”

मी म्हणालो, बापाला सांभाळ आणि मास्तरांना बुडव. हे मी फार मोठ्यानं म्हणालो असणार, कारण मास्तर आमच्याकडे आले. सगळं ऐकून घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जा बेटा. बाप कू संभाल.” तो गेला. मी त्याला वाटेला लावायलासुद्धा गेलो नाही.

पोळ्याच्या सकाळी आम्ही मैदान सजवून बसलो. रेघा ओढल्या, पताका लावल्या, हेडमास्तरांनी लिंबाचं सरबत करून ठेवलं. पाहुण्यांचा पत्ता नाही. दिवस कासराभर वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक माणूस मैदानात आला. आमच्या सेंटर फॉरवर्डचा चुलता.

“तुमचे पाव्हणे आमच्या गावात अडकलेत,” तो म्हणाला. “काल सांच्याला मांजरा उतरून आले, मुक्काम केला. सकाळी गाडीवाले बैल जुपंनात. आज पोळा न्हाई का.”

मुहतमीम साहेबांनी गाडीवाल्यांना आधी गोडीत सांगितलं, मग दरडावलं, मग इनाम देऊ केलं. त्यातला एक म्हातारा गाडीवाला हात जोडून म्हणाला होता, “सरकार, वर्सातून एकच दिस मानेवर जू न्हाई. मला बेड्या घाला, बैलाला न्हाई जुपणार.”

हेडमास्तर सरबताच्या घंगाळाशेजारी खाली बसले. खरं तर चूक कुणा एकाची नव्हती. तारीख दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवली, पंचांग दोन्हीकडच्या कारकुनांच्या घरात होतं, आणि साहेबांनी ठरवलंय म्हणजे बघूनच ठरवलं असणार, असं दोन्हीकडचे कारकून समजले. साहेबांना माहीत असेलच, हे वाक्य आमच्या मुलखात जितकी कामं बिघडवतं तितकी अवर्षणही बिघडवत नसेल.

साहेबांना दुसऱ्या दिवशी पुढच्या दौऱ्यावर जायचं होतं. मॅच झाली तर आजच. मास्तरांनी बॉल काखेत मारला, आम्हाला दोन रांगांत उभं केलं आणि म्हणाले, “चलो.” चार कोस असेल. हेडमास्तर तट्टावर, आम्ही काळ्या चिखलातून पायी. मास्तर पुढे, ताठ. वाटेत प्रत्येक ओढ्यावर बैल धुवायला आलेली माणसं आमच्याकडे बघून विचारायची, कुठली वरात?

गावात पोचलो तर लातूरची टीम चावडीच्या ओट्यावर भाजलेली कणसं खात मजेत बसलेली. आमचा सेंटर फॉरवर्ड बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून हसला.

“मी आलो न्हाई तर मॅचच आली बघ माझ्या मागं.”

मी ठरवलं होतं बोलायचं नाही, पण हसू आलं. त्याचा बाप जवळच झूल झटकत होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. मास्तरांना त्यानं रामराम घातला, पोराला म्हणाला, “खेळ. बैल निघायच्या वक्ताला मात्र माझ्यापाशी ये.”

रानात कुठेही पाय ठेवला तरी चिखल. टणक जागा एकच, मारुतीपुढचं मुरमाड आवार. पाटलांनी मोठ्या मनानं दिलं, बैल येईपर्यंत खेळा म्हणाले आणि आपले बैल सजवायला निघून गेले. दोन्ही टोकांना बांबू रोवले, बांबूंच्या शेंड्यांना वरून दोर बांधला, झाले गोल. काठीनं मुरमात रेघा ओढल्या. रेफरी लातूरचे मास्तर. एका बाजूच्या रेघेवर लाल फडकं घेऊन आमचे मास्तर, दुसऱ्या बाजूला साहेबांचा शिरस्तेदार. साहेब स्वतः बाजेवर.

पहिल्या डावात त्यांनी एक गोल केला आणि आमच्या सेंटर फॉरवर्डनं तो फेडला. लाल हातांनी धावताना तो असा दिसत होता की लातूरची पोरं बिचकून बाजूला व्हायची. एकेक अशी बरोबरी झाली आणि आम्ही पाणी प्यायला बसलो.

तेवढ्यात आंब्याच्या डहाळ्या घेऊन दोन म्हातारे आले. दरवर्षी तोरण बांधायचं काम त्यांचं. मारुतीच्या समोर दोन बांबू, वर दोर, अगदी नेहमीच्या जागी. एरवी बांबू त्यांनाच रोवावे लागत. यंदा कुणा भल्या माणसानं आधीच रोवून ठेवले म्हणून ते खूश झाले आणि त्यांनी गोलाच्या दोराला पानं बांधून टाकली. आमची हसून मुरकुंडी वळली. लातूरचा गोलकीपर म्हणाला, आता मला ओवाळा. फक्त आमचा सेंटर फॉरवर्ड हसला नाही. तो उठून मास्तरांकडे गेला, कारण दुसऱ्या डावात आम्हाला मारायचं होतं ते त्याच गोलावर.

“मास्टरसाब, ह्ये आता तोरण झालं, बैल जाईस्तवर सोडत न्हाईत,” तो म्हणाला. “अन् बॉल कातड्याचा हाय. कातडं म्हंजी जनावरच की. बैलाच्या आधी ह्ये आत गेलं अन् माझ्या पायानं गेलं, तर पाटील म्हननार, ह्या घरानं मुद्दाम केलं.”

मास्तर रेफरीकडे गेले. गोल दुसरीकडे हलवू, म्हणाले. रेफरीनं आभाळाकडे पाहिलं, दिवस कलला होता. दुसरा दोर आणा, लगेच हलवू, ते म्हणाले. आम्ही घराघरांत धावलो. गावात एक दोर मोकळा मिळेना. त्या दिवशी गावातला दोर न् दोर बैलांच्या अंगावर होता. शेवटी मास्तर सेंटर फॉरवर्डला म्हणाले, तू मागे खेळ, गोलाकडे जाऊच नको. त्याच्या जागी मी पुढे आलो. मी गोल केला तर ते एका परगावच्या पोराचं अज्ञान ठरलं असतं, त्याच्या घराला बोल लागला नसता.

पण मला काही जमेना. एकदा बॉल बांबूला लागला, एकदा मीच पडलो. लांबून हलगी ऐकू येऊ लागली, म्हणजे बैल निघाले होते. आता शेवटचं काय ते. आमच्या एका पोरानं कडेवरून बॉल आत टाकला, तो कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून मागे उडाला आणि नेमका मागून धावत येणाऱ्या सेंटर फॉरवर्डच्या पायापुढे पडला.

पाय विचारत नाही. त्यानं मारला.

मी गोलापासून चार पावलांवर होतो. बॉल पानांखालून आत गेला, गोलकीपर त्याच्यावर झेपावला आणि रेघेच्या चांगला पलीकडे त्याला कवटाळून पडला. लगेच रांगत बाहेर आला आणि बॉल छातीशी धरून रेघेवर बसला. आमच्या पोरांनी “गोल” म्हणून आरोळी दिली आणि ती अर्ध्यातच विरली. आवाराच्या तोंडाशी पाटील उभे होते, मानाच्या बैलाचा कासरा हातात. त्यांच्यामागे सेंटर फॉरवर्डचा बाप, त्याची जोडी घेऊन. दोघांच्या मागे गाव, आणि काहींच्या हातात काठ्या.

“गेलं का आत?” पाटलांनी विचारलं.

सेंटर फॉरवर्ड जागच्या जागी उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. बापानं कासरा दुसऱ्या हातात घेतला.

रेफरी मैदानाच्या मध्यावर होते, मध्ये माणसांची दाटी. त्यांना काही दिसलं नव्हतं. ते मास्तरांकडे वळले, कारण रेघेच्या टोकाशी गोलाला लागून मास्तरच उभे होते. बाजेवरून साहेबही उठले. “कहिए दफेदार साहब,” साहेब म्हणाले, “गोल हुआ?”

एक ‘हौ’ म्हटलं की आम्ही जिंकलो होतो. लातूरचा गट, फुटबॉल, त्यांची नोकरी, आईच्या त्या दोन खोल्या, सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तो शब्द खरा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते पोराकडे बघत होते, मग त्यांनी बापाकडे पाहिलं. मग लाल फडकं खाली केलं.

“नै साब,” ते म्हणाले. “लकीर परच थी. अंदर नै गई.”

पाटलांनी एकवार मास्तरांकडे पाहिलं, एकवार गोलकीपरच्या छातीशी धरलेल्या बॉलकडे. पाटील काही दुधखुळे नव्हते. पण ते “बरं” म्हणाले, आणि बैल पुढे घेतला. हलगी पुन्हा सुरू झाली. मानाचा बैल आमच्या गोलातून गेला, त्यामागून सेंटर फॉरवर्डच्या बापाची जोडी, मग सगळ्या गावाची. पोर धावत जाऊन बापाशेजारी चालू लागला होता. आम्ही आणि लातूरवाले कडेला उभे राहून बघत होतो. गोलकीपर माझ्याशेजारी होता.

“आत गेलता,” तो हळूच म्हणाला.

“मग बोल की.”

“मी कावून बोलू? तुमचाच मास्तर न्हाई म्हनतोय.”

शेवटचा बैल गेला तेव्हा बॉल दिसत नव्हता इतका अंधार झाला होता. मॅच तिथेच संपली, एकेक. साहेब भले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटलं ते दिसलं. पण बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, हे त्यांनीच ठरवलेलं होतं. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि “अफसोस” म्हणाले.

मी मास्तरांवर इतका चिडलो होतो की परतताना रांगेत त्यांच्यापासून सगळ्यात लांब चाललो. रेघेवर खोटं बोललो म्हणून ज्यानं मला आठवडाभर बाहेर बसवलं, तो माणूस त्याच रेघेवर, सगळ्यांदेखत, धडधडीत खोटं बोलला होता. आणि तेही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत. आमच्या कष्टांचं काय, असंही मला वाटत होतं. वय तसं होतं.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. औरंगाबादनं आम्हाला सोडलं होतं, लातूरनं घेतलं नाही. ना घर का ना घाट का, अशी आमची शाळा राहिली. दसऱ्यापर्यंत मास्तरांना मुदत मिळाली. त्या दिवसांतही ते मैदानावर यायचे, आम्हाला खेळवायचे, रेघ चुन्यानं नीट ओढायचे.

ते निघाले त्या सकाळी सेंटर फॉरवर्डचा बाप गाडी घेऊन दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. लातूरच्या स्टेशनापर्यंत मी पोचवतो, एवढंच म्हणाला आणि सामान स्वतः उचलून गाडीत रचलं. आईला मास्तरांनी उचलून गाडीत बसवलं. ती दोन्ही हातांनी गाडीच्या कडा चाचपत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, ही कुठली भिंत, दार कुठल्या बाजूला. मास्तर प्रत्येक वेळी तिचा हात धरून तिला दाखवत होते.

मी आणि सेंटर फॉरवर्ड गाडीमागून चालत गावाबाहेर आलो. मास्तर आमच्याबरोबर पायीच होते. निरोपाची जागा आली तेव्हा मला राहवेना.

“मास्टरसाब, बॉल अंदर गई थी,” मी म्हणालो. “मैं देखा.”

“हौ,” ते म्हणाले. “मैं भी देखा.”

“फिर?”

त्यांनी गाडीकडे पाहिलं. आत आई गाडीच्या पाटीला हात लावून बसली होती. जुवाजवळ बाप आमच्याकडे पाठ करून उभा होता, पण ऐकत होता.

“नौकरी मेरी थी, सो मैं दे दिया,” मास्तर म्हणाले. “बाप तो इसका था ना बेटा. वो मैं कैसा देता?”

मग ते गाडीत आईशेजारी जाऊन बसले. बापानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी हाकली. माझ्याशेजारी सेंटर फॉरवर्ड हुंदके देऊन रडत होता. माझ्या रागाचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मीही रडलो.